‘शोध’वरचा खटका

फ्लुरिनचं प्रेत हिमलोटाखाली सापडलं, तेव्हा त्याच्या छातीवरच्या, बर्फात गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्राचा खटका ‘शोध’वर होता. ‘शोध’वरचं यंत्र दुसऱ्याची टिकटिक ऐकतं, स्वतः हाक देत नाही. सारा गाव म्हणाला, पोरगा निष्काळजी.

त्याची आई मेंगा खाजगी गुप्तहेर सेराइनाकडे आली. “गेला तो गेला. पण मूर्ख म्हणून नाही पुरू देणार मी त्याला.”

सेराइना सोबती गाउदेंत्सला घेऊन दरीच्या टोकाच्या खानावळीत पोचली. गाउदेंत्स निवृत्त पोस्टमन. पाय चपळ, डोकं सावकाश. दारात सपाता चढवताना त्याने फळीवरचे लाल टाचांचे बूट पाडले.

“लेकीचे आहेत, जपून!” मालक दुरी गुरगुरला. “लादिना कूर शहरात आत्याकडे गेलीय. बारा दिवस झाले. त्या फ्लुरिनवरून भांडली आणि चिठ्ठी ठेवून पहाटेच निघून गेली.”

“फोन?”

“तिनं केला नाही. मग मी का करू?”

“फ्लुरिन?”

“त्याच सकाळी इथून वर गेला. एकटाच. खिंडीपलीकडे काम मिळालंय म्हणाला. बर्फाचा वरचा थर वाऱ्याने थापलेला, खालचा साखरेसारखा भुसभुशीत, कधीही घसरेल असा. जाऊ नकोस म्हटलं, ऐकेल तर शपथ! पण यंत्र तपासलं मी. टिकटिक ऐकल्याशिवाय माझ्या दारातून कुणाला सोडत नाही.”

बचाव पथकाचा यॉन म्हणाला, “काल स्कीचं टोक दिसलं म्हणून सापडला. हातात फावडं, दांडा जोडलेलं. उतार दोन ठिकाणी तुटलाय. आमच्या यंत्रांना काहीच ऐकू आलं नाही. बारा दिवस कुठली बॅटरी टिकते?”

संध्याकाळी खानावळीत सेराइनाने सगळ्यांना बसवलं.

“तो खटका आपोआप सरकत नाही, दाबून फिरवावा लागतो. दारात यंत्र हाक देत होतं. म्हणजे वर त्याने ते मुद्दाम ‘शोध’वर नेलं. आपण तसं कधी करतो, गाउदेंत्स?”

“सोबतचं कुणी गाडलं गेलं की...” गाउदेंत्स अडखळला.

“फावडं पिशवीत सुटं असतं. ते त्याने जोडलं. पहिल्या लोटाखाली कुणीतरी गेलं होतं. तो खणत होता, तेवढ्यात दुसरा लोट आला.”

“पण गावात कुणीच बेपत्ता नाही!” गाउदेंत्स म्हणाला.

“दुरी,” सेराइना हळूच म्हणाली, “कूरला जाताना लादिनाने पायात काय घातलं?”

दुरीने फळीकडे पाहिलं. लाल बूट तिथेच होते. शेजारची स्कीच्या बुटांची जागा रिकामी होती.

त्याने बहिणीला फोन लावला. “लादिना?” पलीकडून आवाज आला. “अरे, ती नाताळनंतर इकडे फिरकलीच नाही.”

दुरीने भिंतीवरचं आपलं यंत्र उतरवलं, खटका ‘शोध’वर नेला आणि ते कानाशी धरलं. बारा दिवस कुठलीच बॅटरी टिकत नाही, याची आठवण त्याला कुणी करून दिली नाही. गाउदेंत्सला रडू आवरेना.

मेंगाने कोपऱ्यातलं फावडं उचललं.

“चल दुरी. फ्लुरिनने खणायला घेतलं होतं, तिथूनच सुरू करू.”