प्रत पुरी होईपर्यंत

नवस कशासाठी बोलावा याला काही धरबंध नसतो. थोरल्या सुनेनं एकदा चक्क बिघडलेल्या हार्ड डिस्कसाठी मौन धरलं होतं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या आवाजातली एकुलती एक अंगाई त्या डिस्कवर होती आणि इकडे लेकीचे दिवस भरत आले होते. "आई, माझ्या बाळाला आजीच्याच आवाजात निजवायचं हं," असं लेकीनं बजावून ठेवलेलं.

भर दुपारी डिस्क टॉवेलात गुंडाळून ती धाकट्या दिरांच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. त्यांनी केबल बदलली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली, मग डिस्क कानाशी धरली. आतून बारीक आवाज येत होता... टक्... टक्...

"आतला वाचणारा काटा चाचपडतोय. किती वेळा बंद-चालू केलीत, वहिनी?"

"जितक्यांदा देवाचं नाव घेतलं तितक्यांदा, भाऊजी."

"मग जिवंत आहे हाच चमत्कार!" ते हसले. "आता अख्खी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवू. अंगाई त्या प्रतीत शोधायची, हिला पुन्हा छळायचं नाही. जमेल."

थोरलीनं मनातच हात जोडले. प्रत पुरी होईपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. कुणाला सांगितलं मात्र नाही.

प्रत मुंगीच्या पावलानं सरकू लागली. पंख्याची घरघर, तापलेल्या तारांचा वास.

"इतक्या गप्प का, वहिनी? दादाशी वाजलं की काय?"

टक्-टक्! प्रत जागीच थबकली. दीर गप्प झाले, तशी पुढे सरकली. मग फोन आला. ते नुसतं "हॅलो" म्हणाले...

टक्-टक्!

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाळण्याजवळ कुणी बोललं की सासूबाई दांडीवर नखानं असंच वाजवायच्या. गप, बाळ निजतंय.

दिरांनी मुकाट्यानं फोन बंद केला, शटर अर्धं ओढलं. थोरलीचा धीर सुटला नाही. आपलं माणूस दटावतं ते भल्यासाठीच.

दिवेलागणीला प्रत पुरी झाली. दिरांनी जुन्या डिस्कच्या तारा काढून ती टॉवेलावर ठेवली आणि नव्या प्रतीतली अंगाई लावली. शेवटची ओळ झाली. अंगाई तिथंच संपायची, थोरलीला ती तोंडपाठ होती. पण आज त्या आवाजानं जरासा दम घेतला.

"सूनबाई... आता बोललीस तरी चालेल."

"हे... आधी होतं?" दीर कुजबुजले.

"नव्हतं," थोरली म्हणाली.

टॉवेलावरची बिनतारेची डिस्क एकदाच वाजली. टक्.

तुमच्याकडेही कुणाचा आवाज असा एकुलता असेल, तर आजच त्याची प्रत काढा. आणि ती पुरी होईपर्यंत थोरलीसारखं मौन धरा, एवढं माझं ऐका. काय सांगावं... पलीकडे कुणी बाळ निजवत असेल.