पेनड्राइव्ह वापरात आहे

ही गोष्ट मला रचायची असती, तर रात्रीची रचली असती. कुत्री-बित्री रडवली असती.

पण हे घडलं रविवारी, दुपारी सव्वातीनला. माझ्या थोरल्या भावाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. पंखा चालू होता, खिडकीत लख्ख ऊन होतं. पटत नसेल तर सोडून द्या. शपथा खात बसायचं माझं वय नाही.

दादा एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. वहिनी नर्स होती. तिला रात्रपाळी असली की त्यांच्या लेकीला, छकुलीला, झोप यायची नाही. म्हणून वहिनी कामावर निघण्याआधी घरच्या कॉम्प्युटरवर एक गोष्ट रेकॉर्ड करायची. स्वतः रचलेली, थेट एका लाल पेनड्राइव्हवर. रात्री छकुली तो आपल्या छोट्या स्पीकरला लावायची.

त्यावरून नवरा-बायकोचं एकच भांडण. वहिनी पेनड्राइव्ह खसकन ओढून काढायची.

"अगं, आधी कॉम्प्युटरला विचारायचं, मग काढायचं. फाइली खराब होतात."

"इश्श! माझाच पेनड्राइव्ह, आणि परवानगी कसली मागायची?"

त्या संध्याकाळी तिला उशीर झाला होता. 'हरवलेली चप्पल' ही गोष्ट अर्धीच झाली. "उरलेली उद्या हं," म्हणत तिने पेनड्राइव्ह ओढला, छकुलीच्या हातात दिला आणि निघाली.

वाटेत ट्रकने उडवलं.

दादा रडला नाही. आठवड्याने कामावर जाऊ लागला. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर वहिनीचं नाव यायचं, म्हणून महिन्याभराने त्याने तिचं खातंच पुसून टाकलं. तेव्हाही काही वाटलं नाही म्हणे.

सात महिन्यांनी तो पेनड्राइव्ह स्पीकरवर वाजेनासा झाला.

"बाबा, मला आईचा आवाज आठवत नाहीये," छकुली म्हणाली.

दादाने मनातल्या मनात आठवून पाहिला...

त्यालाही आठवेना.

म्हणून त्या रविवारी तो कॉम्प्युटरसमोर बसला. आवाज वाचवायचा, एवढंच काम. त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्हे, लिनक्स. कॉम्प्युटरने पेनड्राइव्ह आपणहून उघडलाच नाही. दादाने मग हाताने आज्ञा देऊन तो जोडला. फक्त वाचण्यापुरता, म्हणजे त्यावर एक अक्षरही नव्याने लिहिलं जाणार नाही.

फाइलींची नावं दिसली...

सगळी प्रश्नचिन्हं. उघडायला गेलं की 'अशी फाइलच नाही'.

नावं मराठीत होती, त्याचा हा घोळ. दादाला असले घोळ रोजचेच. मराठी अक्षरं ओळखायला सांगून त्याने पेनड्राइव्ह परत जोडला. आली नावं. मांजरीचा चष्मा. बटणांचं भांडण. अशा तेवीस. सगळ्यात शेवटी, हरवलेली चप्पल.

त्याने तीच लावली.

"...मग चप्पल हळूहळू जिना चढली, दाराशी आली, आणि..."

बस. चार मिनिटं, बारा सेकंद.

हाच तो आवाज. छातीत कुठेतरी दुखायला हवं होतं. दुखलं नाही.

त्याने सगळ्या फाइली उतरवून घेतल्या. मग शिस्तीत, कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह सोडायला सांगितलं.

उत्तर आलं... वापरात आहे.

उघडं होतं ते सगळं त्याने बंद केलं. पुन्हा सांगितलं.

वापरात आहे.

कोण वापरतंय, त्याने विचारलं.

नाव आलं नाही. नुसता आकडा आला... १००१.

त्या कॉम्प्युटरवर घरातल्या प्रत्येकाला एक क्रमांक होता. दादाचा १०००. छकुलीचा १००२. मधला त्याने स्वतःच्या हाताने पुसला होता.

कोणती फाइल?

हरवलेली चप्पल. लिहिण्यासाठी उघडलेली.

अहो, ज्यावर काही लिहिताच येत नाही, त्यावर!

त्याने लांबी पाहिली. चार मिनिटं, तेरा सेकंद.

परत पाहिली. एकोणीस.

माइक तर सात महिने खणात पडून होता. वायर गुंडाळलेली, तशीच.

दादाचा हात पेनड्राइव्हकडे गेला. खसकन ओढला की संपलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून छकुली ओरडली...

"बाबा, थांब ना! चप्पल आत्ता कुठे घरात आली!"

तो आत गेला. छकुली पलंगावर मांडी घालून बसली होती. समोर स्पीकर. त्याचा दिवा बंद होता, आणि त्याला काहीच जोडलेलं नव्हतं.

दादा जमिनीवर बसला. भीती नाही, रडू नाही. फरशी गार लागत होती, एवढंच आठवतं म्हणे.

याला दोन वर्षं झाली. तो कॉम्प्युटर तेव्हापासून बंद झालेला नाही. वीज गेली तरी चालावा म्हणून दादाने बॅटरी बसवून घेतली आहे. आणि ती फाइल... त्या पेनड्राइव्हमध्ये मावणार नाही एवढी झाली आहे.

परवा मी गेलो होतो. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता. आतून छकुलीच्या हसण्याचा आवाज येत होता. एकटीच होती.

"दादा, ओढून टाक रे एकदाचा," मी म्हणालो.

त्याने मान वर केली नाही.

"काढायच्या आधी विचारायचं असतं," तो म्हणाला. "मी रोज विचारतो."

"मग?"

"नाही म्हणते."