डावी कड

विरूपाक्ष टायर घ्यायला लातूरला आला तेव्हा बाजारात माणसांपेक्षा घागरीच जास्त दिसत होत्या. त्या साली लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं, म्हणजे बघा. एप्रिलचं ऊन, डांबर चपलेला चिकटतंय आणि हा बाबा डोकं खाजवत टायरच्या दुकानासमोर उभा.

चाकूरला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान. पाऊसच नाही म्हटल्यावर बियाणं कोण नेतंय? शटर अर्धं खाली, आणि मालक आठवड्यातून दोनदा रस्त्यावर. बायकोच्या, महादेवीच्या किडन्या गेलेल्या. लातूरच्या दवाखान्यात पाण्यावाचून डायलिसिसची मशीन बंद पडली, म्हणून तिला मोटारसायकलवर बसवून नांदेडला न्यायचं आणि दुपारी परत आणायचं. एस्टीतली गर्दी तिला सोसत नव्हती. ही मोठी गाडी घेतली तेव्हा सोयाबीन जोरात होतं. दोघं श्रीशैलमपर्यंत जाऊन आले होते. आता तीच गाडी दवाखान्याची झाली होती.

महादेवीला दिवसाला दोन पेले पाणी. त्यावर थेंब नको, पाणी छातीत भरेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी दर खेपेला काट्यावर तिचं वजन चार किलोनं जास्त. ते सगळं पाणी. डॉक्टर चिडायचे, ती जास्त प्याले नाही म्हणून गळ्यातल्या इष्टलिंगाची शपथ घ्यायची. घरातला माठ विरूपाक्षनं कुलपात ठेवला होता. बायकोपासून पाणी कुलपात! सांगायचीसुद्धा लाज, पण करतो काय. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर महिना निघायचा नाही.

दुकानात दोघं-तिघं, उदगीर नवा जिल्हा होणार की नाही यावर वाद घालत बसलेले. झाला जिल्हा तर तिथं मोठा दवाखाना होईल, जवळ पडेल. पण महादेवी तोवर थांबेल का, हे त्यांच्यातलं कोणी सांगत नव्हतं.

टायरवाला सिद्रामप्पा म्हातारा, तीस वर्षं याच धंद्यात. जुनं टायर उतरवलं की त्यावर हात फिरवून गिऱ्हाइकाचा रस्ता सांगायचा. विरूपाक्षच्या मागच्या टायरवर त्याचा हात फिरला आणि डाव्या बाजूला अडकला.

"मालक, मधली नक्षी गेली ते ठीक हाय. सरळ रस्त्याची गाडी. पण ही डावी कड कशी झिजली? उजवी तर कोरीच हाय."

"घसरली असेल कुठं तरी."

"न्हाई. घसरल्याचं वेगळं दिसतंय. ही वाकून वाकून गेली... एकाच वळणावर, दर खेपेला."

विरूपाक्षनं मान हलवली. नांदेड रस्त्याला गाडी एवढी वाकवावी असं वळणच नाही.

सिद्रामप्पानं तीन टायरं पुढ्यात टाकली. एक कडक, वर्षानुवर्षं टिकतं, पण ब्रेक दाबला की सरकतं. एक मऊ, शर्यतवाल्या पोरांचं. रस्ता सोडत नाही, पण दोन महिन्यांत संपतं. तिसरं स्पोर्ट टूरिंग. मधे कडक, कडांना मऊ. मागं बाईमाणूस बसतं ना, मग हेच न्या, तो म्हणाला. कडांना नव्या टायरला असतात तसे रबराचे बारीक केस होते, मेण लावल्यासारखी चमक होती. कड इतकी मऊ की एकदा जरी वाकलात तरी सांगेल, असंही म्हणाला. विरूपाक्षनं तेच घेतलं. रस्ता धरून चालावं म्हणून घेतलं, असं तो स्वतःला सांगत होता. खरं तर त्याला ते सांगणारं टायर हवं होतं.

घरी येताना त्याला फाल्गुनातली ती दुपार आठवली. अहमदपूरच्या अलीकडे रस्त्याकडेला एक वाळका कडुनिंब आहे. तिथं महादेवी मागून म्हणाली होती, घोटभर पाणी द्या. बाटली डिकीत होती. तो नाही म्हणाला. त्याच्या बापानं, अण्णारावांनी, चाकूरच्या स्टँडवर वीस वर्षं पाणपोई चालवली. वैऱ्यालाही पाण्याला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम. त्या घरात जन्मून तो भर दुपारी बायकोला नाही म्हणाला. त्यानंतर तिनं पाणी कधी मागितलंच नाही. सुटलो, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

दोन दिवसांनी नव्या टायरवर नांदेड. काट्यावर पुन्हा चार किलो. डॉक्टर या वेळी रागावलेसुद्धा नाहीत.

दुपारी परतीला निघण्याआधी त्यानं खाली वाकून दोन्ही कडा पाहिल्या. चमक तशीच, केस तसेच. मग तोंडात लवंग धरली, झापड येऊ नये म्हणून, आणि दगडावरचे किलोमीटर मोठ्यानं वाचत निघाला. लोहा गेलं. अहमदपूर गेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कडुनिंब दिसला, आणि कुठून तरी ओल्या मातीचा वास आला. मग चाकूर दिसलं. मधे काही झालं नाही. सरळच तर आलो, त्याला वाटलं. लवंग मात्र तोंडात नव्हती.

अंगणात गाडी उभी केली, महादेवीला आत बसवलं आणि तो टायरापाशी येऊन बसला. उजव्या कडेवर केस होते. डाव्या कडेवर एकही नव्हता. रबर खरवडून निघालं होतं, आणि नक्षीत काळा चिखल होता. त्यानं बोट लावलं. बोट ओलं झालं. पाच तालुक्यांत विहिरींचे तळ उघडे पडलेले, आणि हा चिखल गार होता.

तो आत गेला. महादेवी भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजलेले, चेहरा मात्र किती दिवसांनी शांत.

"खरं सांग. कुठं पितेस तू पाणी?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं, थट्टा करतो की काय म्हणून.

"तुम्हीच तर न्हेता... तुम्ही शेंदता, मी पिते. तुम्हीच म्हणता, पी, डॉक्टरला सांगू नको."

"महादेवी... आपण कुठं थांबलोच न्हाई."

त्याचा हात ओढून तिनं मूठ उघडली. तळव्यावर आडवा लाल वळ होता, दोराचा, आणि कातडीत सुंभाचे दोन ओले धागे अडकले होते. दुसऱ्या तळव्यावरही तसाच वळ. हँडलचे फोड आहेत म्हणून महिनाभर तो त्यांना तेल लावत होता.

तो एवढा दमला होता की भ्यायचंही त्राण नव्हतं. मनाशी ठरवलं, आता ही गाडी नाही. शेजारच्या शेषेरावांची जीप मागायची, नाहीतर एस्टीनं उभ्यानं न्यायचं. पण या हातांनी नाही.

"परवा याच गाडीवर जाऊ," ती हळूच म्हणाली. "येताना लई तहान लागते हो... न्याल ना?"

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि तो म्हणाला, "हाव, न्हेतो."