हिवराची साखर

तासगावचा महावीर बेदाण्याचा व्यापारी. दाणा जिभेवर ठेवला की कोणाच्या शेडवरचा ते सांगायचा, आणि जिभेला पटलं नाही तर सख्ख्या भावाचंही मानायचा नाही.

बायको प्रभावती त्याहून चिवट. किड्याच्या तोंडचं खायचं नाही म्हणून तिनं मध लग्नाआधीच सोडलेला. जैन घरातलं व्रत.

मंगळवारी दोघं डोंगरावरच्या मंदिरातून उतरत होती. वाटेवरचं हिवराचं झाड पांढऱ्या कणांनी चमकत होतं. प्रभावतीनं एक कण जिभेवर ठेवला.

"आवं, खडीसाखर हाय की!"

शेळ्या राखणारी धोंडुबाई खालून ओरडली, "वैनी, थुका ते! किड्यानं वकलेलं असतंय. माज्या शेळ्या बी तोंड लावत न्हाईत."

"शेळ्यांनी कवापास्नं व्रत धरलं गं?" महावीर हसला.

प्रभावती हसली नाही. कण विरघळून गेला होता. तो किड्याचा की झाडाचा हे कळेपर्यंत आपण पाण्यावर राहणार, असं तिनं घरी येताच सांगून टाकलं.

माव्याची कीड निघाली तर ती किती दिवस उपाशी बसेल याचा नेम नव्हता. पण महावीरला हिवरावर भिंगातून एकही किडा दिसेना. साल कुठं फुटलेली नव्हती. दव म्हणावं, तर शेजारची बाभूळ कोरडी ठणठणीत. बुधवारी त्यानं एक फांदी पुसून मलमलीत घट्ट बांधली.

गुरुवारी सकाळी गाठ सोडली. आत मूठभर साखर. गारव्यातही कोमट, अंगासारखी.

निघताना झाडाकडं मागं वळून बघावंसं वाटलं. बघवेना.

दारातूनच तो म्हणाला, "किडा न्हाई. जेव आता."

प्रभावती अंगणात उन्हात बसली होती. मंगळवारपासून पाण्यावर, आणि गाल उलट भरलेले.

"भूकच न्हाई वं."

"कवाधरनं बसलीयास हितं?"

"ऊन लय बरं वाटतंय."

त्यानं भाकरीचा तुकडा तिच्या ओठांशी नेला. ओठ उघडले नाहीत.

"खा की गं, प्रभा."

त्यानं हात धरून ओढलं. बांगडी फुटली, काच मनगटात रुतली.

रक्त आलं नाही.

एक स्वच्छ थेंब आला. उन्हात बघता बघता त्याचा पांढरा कण झाला.

"दुखतंय?"

"न्हाई."

तिनं मनगट तोंडाजवळ नेलं, आणि पंगतीत वाढप्याला विचारावं तसं हळूच विचारलं,

"हे चालंल न्हवं मला?"