घरमालकाशी नातं

मी त्याला भिजवलं हे खरं. पण मुद्दाम नाही... हे त्यानं कधीच मान्य केलं नाही.

मे महिन्याची दुपार होती. अशा वेळी अमरावतीत कुत्रंही सावली सोडत नाही. मी ओट्यावर उभी राहून कूलरमध्ये पाणी भरत होते. तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी "ओ ताई" म्हणालं आणि मी दचकून वळले — हातातल्या नळीसकट!

"अगं बाई! माफ करा हं..."

"राहू द्या," तो तोंड पुसत म्हणाला. "सकाळपासून तेवीस दारं फिरलो. पाणी इचारनाऱ्या तुमीच पयल्या."

मला हसू आलं. आणि हसू आलं म्हणून रागही आला.

त्याचं नाव श्याम. मोर्शीकडचा, वायरिंगची कामं करणारा. त्याच्या आईच्या, मनकर्णाबाईंच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते सरकारी विम्यातून फुकट व्हायचं. शिवाय नवीच सोय आली होती : दवाखान्याजवळ राहणाऱ्या अशा पेशंटचं खोलीभाडंही विमाच भरणार. फक्त घरमालकाची सही हवी, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. सरकारी कागद म्हटला की घरमालकांना इन्कम टॅक्स दिसतो, आणि पेशंट म्हटला की तिरडी.

माझे बाबा, हरिहर मास्तर, आयुष्यभर संस्कृत शिकवून रिटायर झालेले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि सही ठोकली. मागची खोली मनकर्णाबाईंची झाली. खोलीत पाऊल टाकतानाच त्या म्हणाल्या, "मास्तर, फुकट नाही राहून राहिली मी. भाडेकरू हाय तुमची." तेव्हा त्यांचा ताठ कणा पाहून मला कौतुक वाटलं होतं.

विम्याच्या साधनाताई दर महिन्याला तपासणीला यायच्या. त्यांच्या फॉर्मवर एक चौकट होती : 'घरमालकाशी नाते'. नातं असलं, नुसतं ठरलं असलं, तरी भाडं बंद. बाबा तिथं 'नाही' लिहायचे.

श्याम आमच्या कूलरचा पंप दुरुस्त करायला यायचा. पंप चांगला होता.

"अजून किती वेळा खोलणार आहेस तो?"

"तुमी चहा देनं बंद करा, आपोआप सुधारते."

"आणि ताई म्हणणं कधी बंद केलंस रे?"

"नळी आंगावर आली तवापासून."

डायलिसिसचं मशीन चार तास चालायचं. मी शिकवणी संपवून डबा घेऊन जायची आणि बाहेरच्या बाकावर त्याच्याशेजारी बसायची. इतरांच्या प्रेमाला बागा मिळतात, तळी मिळतात... आम्हाला फिनाईलचा वास मिळाला. मला तोही आवडायला लागला होता, काय सांगू!

"अदिती," एकदा तो बाकाकडे बघतच म्हणाला, "सरायले सांगू का?"

"काय?"

"का मले नुसती मागची खोली पुरत नाही. समोरच्या घरातलं मानूस बी पायजे."

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "सांग," मी म्हणाले. "पण उभं राहून सांग, बाबांना बसून बोललेलं चालत नाही."

वाटलं होतं, बाबा आकाशपाताळ एक करतील. त्यांनी पेढे आणले! साधनाताई त्याच आठवड्यात आल्या. बाबांनी पेन उघडलं, चौकटीशी आले. श्याम आणि मी समोरच उभे होतो. 'बाबा, एवढ्यात नका लिहू' — एवढं एक वाक्य पुरे होतं. मी बोलले नाही. बाबांनी वळणदार अक्षरात लिहिलं : 'होणाऱ्या विहीणबाई'.

साधनाताईंचा चेहरा उतरला. "सर, आता भाडं बंद होईल हो."

"होऊ दे की! विहीणबाईंकडून कुणी भाडं घेतं का?"

अकोल्याहून रमाआत्याचाही फोन आला : "एक पैसा घेशील तर खबरदार, हरिहर! लोक तोंडात शेण घालतील."

मनकर्णाबाईंनी त्याच संध्याकाळी पेटी भरायला घेतली. "सुनेच्या बापाच्या घरी फुकट पडून राहू? मले नाही जमत."

श्याम म्हणाला, भाडं मी देतो. बाबांनी कानांवर हात ठेवले : "त्यापेक्षा मला जोडे मारा!" मनकर्णाबाई म्हणत, घ्या. बाबा म्हणत, घेणार नाही. दोघंही भली माणसं. भल्या माणसांशी भांडताही येत नाही, मेलं!

आम्ही माझ्या स्कूटीवरून दुसरी खोली शोधत फिरलो. पुन्हा तीच दारं, तीच उत्तरं. शेवटी मनकर्णाबाई गावी गेल्या. पहाटेची एसटी, मग डायलिसिस, मग परतीची एसटी... आठवड्यातले तीन दिवस दोनावर आले, दोनाचा एक झाला. "आज आंग दुखते, परवा जाऊ," म्हणायच्या. जानेवारीत एका परवाच्या आधीच त्या गेल्या.

तेरवीनंतर मी एकटीच त्यांच्या गावी गेले. श्याम अंगणात बसला होता, डोकं भादरलेलं. त्याच्या डोळ्यांत माझ्यासाठी नेहमी असायचं ते हसू नव्हतं.

"तो फॉर्म भरत होते सर... तवा तू मधात काहून नाही बोलली?"

खोटं सुचलं होतं. पण जिभेवर आलं नाही.

"मला ते लिहिलेलं बघायचं होतं, श्याम. आपलं नातं... शाईनं."

त्यानं काडीनं मातीत एक चौकट ओढली.

"मलेबी," तो म्हणाला. "म्हनूनच मीबी चूप बसलो."

मी हात पुढे केला. त्यानं तो पाहिला, धरला नाही.

"लगन केलं त माय रोज आपल्या दोघायच्या मधात येऊन बसन, अदिती. मले तुह्यावर राग नाही. पन मले तुले पायनं होत नाही."

मी त्याच्यावर प्रेम करते. तोही करतो, मला ठाऊक आहे. मी परतीची एसटी धरली.

बाबांना हे काहीच माहीत नाही. परवा पंचांग घेऊन बसले होते. म्हणाले, "वर्षाच्या आत करायचं तर एक बरा मुहूर्त आहे. श्यामरावांना विचारतेस का?" मी म्हटलं, विचारते. त्यांनी भलेपणानं लिहिलं होतं. हावरटासारखे गप्प बसलो ते आम्ही.