जिन्यातला मुढा

तुम्ही वाचलात कसे, असं कुणी विचारलं की भालचंद्र डॉक्टरांचं नाव नंतर घ्यायचा, आधी कुमुदचं. जबडा दुखतोय म्हणून तो दाढेत लवंग धरून ऑफिसला निघाला होता. कुमुदने त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि तिथल्या तिथे त्याला ॲस्पिरिन चघळायला लावली. खालच्या नेगीजींना गाडी काढायला लावून तिने त्याला थेट हॉस्पिटलात नेलं. "दाढबीढ काही नाही, हार्ट आहे," हे तिनेच आधी सांगितलं. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून डॉक्टरांनी तिथे स्टेंट बसवला. "मॅडम, आप भी एक बार ईसीजी करवा लीजिए," असं ते जाताना म्हणाले, तर ही म्हणाली, "पहले इनका होने दीजिए."

कुमुद अशीच. तिला बसलेलं त्याने क्वचितच पाहिलं असेल. जेवतानाही तिचा एक पाय स्वयंपाकघरात.

"अगं, बस की जरा!"

"एकदा बसले की उठवत नाही हो."

दिल्लीत आर. के. पुरममधलं त्यांचं सरकारी क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या नावाने शंख. हॉस्पिटलातून घरी आल्यानंतर पहिल्यांदाच उन्हात फिरून परतताना जिन्याच्या पहिल्या वळणावर भालचंद्रचा श्वास संपला. तिथे भिंतीशी वेताचा एक मुढा, बिनपाठीचं बुटकं बसकं, ठेवलेला होता. तो मटकन बसला. बसायची जागा उबदार होती, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

बायको असावी तर अशी, असं त्याला अगदी भरून आलं.

"मी कुठला मुढा आणणार?" कुमुद म्हणाली. "नेगीजींनी ठेवला असेल."

"हमने तो नहीं रखा, भाईसाहब," नेगीजी हसले. "भाभीजी का काम होगा. कमाल की लेडी हैं!"

कौतुक करून घेणं तिला जमतच नाही, असं म्हणून त्याने विषय सोडला.

पुढच्या आठवड्यात मुढा दुसऱ्या वळणावर होता, आणि त्याचा दमही तिथवरच पुरला. मग आणखी वर. एका सकाळी तो पेपर आणायला उतरला तेव्हा जिना मोकळा होता. गेटपाशी पाण्यावरून कुणाशी तरी वादावादी झाली. परतताना खालच्याच वळणावर त्याला धाप लागली, आणि मुढा तिथे हजर. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. त्याने हात लावून पाहिला. उबदार.

भालचंद्र मंत्रालयात फायली तपासणारा माणूस, उगाच घाबरणाऱ्यातला नव्हता. त्याने दोन-तीनदा मुद्दाम अलीकडे थांबून पाहिलं. तिथे काही नसायचं. दम जिथे संपायचा, तिथेच मुढा असायचा. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. खरं तर त्या मुढ्यावर त्याचा जीवच जडला होता.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, तो एका दमात तिसऱ्या मजल्यावर पोचला. मुढा कुठेच नव्हता. त्याला लहान मुलासारखा आनंद झाला.

"कुमुद! आज कुठ्ठे थांबलो नाही!"

तो स्वयंपाकघरात गेला.

कुमुद पाठमोरी उभी होती, ओट्याला हात टेकून. गॅसवर दूध तापत होतं. तिच्या मागे, साडीच्या काठाला लागेल इतक्या जवळ, मुढा होता.

"हा इथे कुणी आणला?"

"तुम्हीच ना?" ती वळली. "बरं केलंत."

भालचंद्रने बसायच्या जागेला हात लावला. उबदार होती.

"कुमुद, बसू नकोस," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच.

पण ती बसली.

तिच्या कपाळावर घाम होता.

"लवंगेची डबी द्या बघू जरा," गालावर हात धरून ती म्हणाली. "सकाळपासून दाढ ठणकतेय."