झळांची भिशी

सोलापूरच्या त्या शेडमध्ये नवं गिऱ्हाईक आलं की पहिल्या दिवशी दचकायचंच. आठ चुली, आठ तवे, आठ बायका. बाहेर पारा अठ्ठेचाळीसच्या वर गेलेला, आत त्याहून जास्त. आणि कुणी खूण केलेली नसताना आठही जणी थापता थापता एकदम थांबायच्या, पदरानं मान टिपायच्या आणि एकदमच पुन्हा थापायला लागायच्या. गिऱ्हाईक बिचारं विचारायचं, "हे काय हो बाई?" राजश्री हत्तुरे, शेडची कारभारीण, भाकरी उलटत म्हणायची, "काही नाही की ओ. आमच्यातल्या कुणाला तरी झळ आली."

"कुणाला?"

"ते आम्हाला तरी कुठं माहीत?"

मग गिऱ्हाईक कडक भाकऱ्यांची चवड उचलून जरा घाईनंच निघायचं. त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

राजश्रीची पन्नाशी उलटली आणि पाळी जायला लागली, तेव्हा तिचं जगणं नकोसं झालं होतं. भाकरी थापता थापता छातीतून गरम वाफ उसळायची, मानेवरून कानापर्यंत चढायची, ब्लाऊज भिजून जायचा आणि मग दोन मिनिटांत थंडी वाजायची. पण वाफेपेक्षा वाईट तिच्या आधीचा तो क्षण. काळीज धडधडायचं आणि उगाचच वाटायचं, आता काहीतरी भयंकर होणार. कुणीतरी जाणार. होत काहीच नसे, नुसती भाकरी करपायची आणि धाकट्या जावेवर, मयूरीवर, राग निघायचा. दवाखान्यात सांगितलं, सैल सुती कपडे घाला, चहा कमी करा, श्वास सावकाश घ्या. ते सगळं तिनं केलं आणि थोडं बरंही वाटलं. तिखट कमी करा म्हणाले तेव्हा मात्र ती उठूनच आली. सोलापुरात राहून तिखट कमी! हार्मोनच्या गोळ्या तिला चालत नव्हत्या, पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली होती म्हणून.

अशा वेळी दवाखान्यातून पत्ता घेऊन डॉ. ऋजुता खरे एक छोटी डबी घेऊन शेडमध्ये आली. ही मेंदूच्या संशोधनातली बाई, चाळिशीचीसुद्धा नव्हती. तिनं चुलीपाशी बसकण मारली आणि समजावून सांगायला सुरुवात केली.

"मेंदूच्या तळाशी एक पहारेकरी बसलेला असतो. अंगाचं तापमान थोडं वरखाली झालं तरी तो दुर्लक्ष करतो. पाळी जाताना शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि त्याच्यावरचा लगाम सुटतो. मग जराशी ऊब वाढली तरी तो आग लागल्यासारखा ओरडत सुटतो. घाम सोडा, रक्त कातडीकडे पाठवा, काळीज पळवा! तुम्हाला जी झळ येते ना, ती या ओरडण्यानं येते. खरी आग कुठंच नसते."

"मग त्याचं तोंड दाबा की," राजश्री म्हणाली.

"दाबून पाहिलं. मग तो नंतर दुपटीनं ओरडतो. त्याची हाक कुणीतरी ऐकली, असं त्याला कळावं लागतं. म्हणून हे."

डबीत तांदळाएवढे आठ मणी होते. कानामागच्या कातडीत बसवायचे, नको झाले तर नखानं उचकटून काढायचे. एकीच्या मेंदूत हाकाटी उठली की मणी ती आठही जणींच्या मेंदूंत वाटून देणार. प्रत्येकीला आठवा हिस्सा. पहारेकऱ्याला वाटणार, आठ घरं जागी झाली, आता गप्प बसायला हरकत नाही.

"अगंबाई, म्हणजे भिशीच की ही!" मयूरी म्हणाली. सगळ्यांना पटलं. भिशी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं, जिची वेळ आली तिचं भागवायचं, एखादी अडली तर बाकीच्यांनी तिचा वाटा उचलायचा. आणि एकदा भिशीत बसलं की मध्येच उठायचं नाही. उठणारीचं नाव पेठेत वर्षानुवर्षं निघतं.

अट फक्त एक पडली. महानंदा, त्यांच्यातली सगळ्यात थोरली आणि सगळ्यात तिखट जिभेची, म्हणाली, "कुणाची झळ ते कळता कामा नये. नाहीतर या सटव्या मोजत बसतील, कुणाला किती येतात आणि कोण किती म्हातारी झाली."

"मला एकटीला कळलं तर? वैद्यकीय कारणासाठी?" ऋजुतानं विचारलं.

"तुला नको आणि तुझ्या मशिनीलाही नको."

बायकांनी हट्टच धरला. ऋजुतानं मान डोलावली आणि मण्यांमधून नाव-निशाणी काढून टाकली; आठ जणींची एकत्रित नोंद तेवढी तिच्या मशिनीवर दिसणार होती. तिला वाटलं, यात काय मोठंसं?

पुढचं वर्ष सुखाचं गेलं. झळ यायची ती मांजर अंगाला घासून जावं इतकीच. झोप लागायला लागली. राजश्रीनं मयूरीला कितीतरी दिवसांनी हसून हाक मारली. आणखीही एक गोष्ट झाली. बायका धीट झाल्या. महानंदा तव्यावरची भाकरी बोटांनी उचलायला लागली. मयूरी हायवे ओलांडताना ट्रककडे बघेनाशी झाली. राजश्रीचा नवरा स्कूटरवरून पडल्याचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बरं, येते," आणि तव्यावरची भाकरी पुरती भाजून मगच निघाली. त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं. तो पुढं कधीतरी हसत हसत म्हणाला, "तुला काय वाटलंच नाही का गं?" तिनं जरा आठवून पाहिलं. वाटलं होतं की, थोडंसं. त्याच संध्याकाळी बाकीच्या सात जणींनाही उगाच हुरहूर लागली होती, हे तिला कुणी सांगितलं नाही.

त्या रविवारी शेडला सुट्टी होती. एका लग्नाची तातडीची ऑर्डर आल्यामुळं राजश्री एकटीच आली होती. दुपारी तिला झळ आली आणि तिचा हात थांबला. ही झळ गरम नव्हती. पोटाच्या खळग्यात कुणीतरी ओला फडका ठेवावा तशी गार होती. एरवी झळ येते आणि जाते. ही गेली नाही. बारीकशी, अंगात तशीच बसून राहिली.

फोन वाजला. मयूरी होती. "अक्का, ही कुणाची गं? गारच लागायलीय."

"असेल कुणाची तरी. तू काय करायलीस?"

"आंबे चिरायलेय. ये की."

"येते एवढ्या भाकऱ्या झाल्या की."

तोवर दुसरा फोन आला. ऋजुताचा होता, आणि तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "राजश्रीताई, नीट ऐका. तुमच्या आठ जणींचा एकत्रित संकेत माझ्यासमोर आहे. ही झळ नाहीये. झळ मेंदूत सुरू होते, ही काळजापासून सुरू झालीय. हृदयविकाराचा झटका येण्याआधी शरीर अशी हाकाटी करतं. जीव जातोय असं वाटायला लावतं, म्हणजे माणूस उठतो, ओरडतो, दवाखाना गाठतो. तुमच्यातल्या कुणालातरी हे आत्ता होतंय. पण तिच्या वाट्याला त्या भीतीचा आठवाच हिस्सा आलाय. ती स्वस्थ बसली असेल. तिला वाटत असेल, ही दुसऱ्याच कुणाचीतरी आहे."

"अरे देवा. कोण?"

"मला कळत नाही! मणीच तसे केलेत ना आपण! तुम्ही कारभारीण आहात. एकेकीला विचारा. छाती जड आहे का, हात दुखतोय का, जबडा आवळलाय का, दम लागतोय का. भीती आठ जणींत वाटली गेली असली तरी शरीराचं दुखणं जिचं तिच्याकडंच राहतं. लवकर करा, ताई, अर्धा तास गेला तरी उशीर होईल."

राजश्रीला प्रसंग कळला. ती तशी कर्तबगार बाई, कुणाचं काही अडलं तर आधी धावणारी. तिनं चुलीवरचा तवा उतरवला आणि एकेकीला फोन लावले. मयूरी धडधाकट होती, वर म्हणाली, "मला कशाला काय होतंय?" एक जण मुलीकडं अक्कलकोटला होती, पापड लाटत होती. एकीचा खांदा दुखत होता, पण तो गेल्या महिन्यापासून. अशा सहा जणी झाल्या. सहाही जणींनी तेच म्हटलं, "माझी नव्हे बाई." आणि सहाही जणी शांत होत्या. राजश्रीच्या लक्षात आलं, जाऊ मरते की मैत्रीण मरते हे शोधायला ती निघालीय आणि तिच्या मनात मिठाचा डबा शोधावा इतपतच घाई आहे. हे काही बरोबर नाही, असं तिला वाटून गेलं. तेही थोडंसंच.

महानंदा फोन उचलेना. म्हणजे तीच, असं म्हणून राजश्री दोन गल्ल्या पलीकडच्या तिच्या घराकडे निघाली. ऊन मी म्हणत होतं. जिना चढताना तिला मध्येच बसावं लागलं. घाम डोळ्यांत उतरला, डावा हात जड झाला होता. सकाळपासून किती थापल्या, हात दुखणारच. ती उठली, उरलेल्या पायऱ्या चढली आणि दार ढकललं.

महानंदा कूलरसमोर घोरत पडली होती. राजश्रीनं तिला गदागदा हलवलं.

"जिवंत आहेस का गं?"

"मेले असते तर आधी तुला कळवलं असतं. काय झालं?"

राजश्रीनं सांगितलं. महानंदानं छातीवर हात ठेवून पाहिलं, जबडा हलवून पाहिला, जांभई दिली. "माझी नव्हे. बाकीच्यांना विचारलंस?"

"सगळ्यांना विचारलं."

"मग त्या डॉक्टरणीचं मशीन बिघडलं असेल." तिनं राजश्रीकडं निरखून पाहिलं. "तुझं तोंड का गं असं पांढरंफटक?"

"पीठ असेल," राजश्री म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. महानंदा पुन्हा आडवी झाली. तिलाही पुढं विचारावं इतकी काळजी वाटली नाही.

शेडमध्ये परत येईपर्यंत राजश्रीला दोनदा भिंतीला धरून उभं राहावं लागलं. तिनं तवा पुन्हा चुलीवर ठेवला तोच फोन वाजला.

"सापडली?" ऋजुता जवळजवळ ओरडलीच.

"सगळ्या ठणठणीत आहेत हो. सातही जणींना विचारलं."

"सात?"

"हो की."

मग ऋजुता अगदी हळू म्हणाली, "ताई, तुम्ही आठ आहात."

राजश्री पिठाच्या काठवटीकडे बघत राहिली. डावा हात. जिन्यावर लागलेला दम. आणि जबडा, हो, मघापासून दात आवळून धरल्यासारखा झाला होता. तिनं सगळ्यांना सगळं विचारलं होतं. स्वतःला विचारायचं राहून गेलं होतं, आयुष्यभर राहत आलं होतं तसंच.

"अगंबाई," ती म्हणाली. "म्हणजे माझीच की."

"जिथं आहात तिथंच आडव्या व्हा! हलू नका! अँब्युलन्सला फोन लावतेय मी, पण तिला ट्रॅफिकमधून यायला वेळ लागेल. दार उघडं ठेवा, शेजारी कुणालातरी हाक मारा, जोरात!"

"रविवार आहे. आजूबाजूला कुणी नाही."

"मग कानामागचा मणी काढा. आत्ता, नखानं. भीती पूर्ण तुमच्याकडं परत येऊ दे. तुम्ही घाबरायला पाहिजे, ताई! घाबरलात तर जगाल!"

राजश्रीनं बोट कानामागं नेलं. मणी हाताला लागला. तिला सगळं समजत होतं. आपण मरतोय हे तिला शाळेतल्या धड्यासारखं समजत होतं. घाबरायचा तिनं मनापासून प्रयत्न केला. नवऱ्याचा चेहरा आठवून पाहिला, नातीचा आठवून पाहिला. जरासं काहीतरी हललं आणि लगेच सात घरांत वाटलं गेलं.

"नको हो," ती म्हणाली. "भिशी चालू आहे. मध्येच उठले तर बाकीच्यांनी काय करायचं? आणि मयूरीला तर मीच बसवलंय हिच्यात."

"भिशी गेली खड्ड्यात! ताई, पाया पडते तुमच्या!" ऋजुताचा आवाज फाटला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. तिच्या कानामागं मणी नव्हता. सगळी भीती तिच्या एकटीच्या वाट्याला आली होती.

राजश्रीला तिची फार दया आली. एवढी शिकलेली पोर, आणि किती घाबरतेय.

"घाबरू नका हो," ती समजुतीनं म्हणाली. "पीठ मळलेलं आहे, ते तेवढं वाया जाईल. एवढा गोळा संपवते आणि मग पडते थोडा वेळ."

तिनं फोन चुलीपासून जरा लांब ठेवला, म्हणजे तापणार नाही, आणि उजव्या हातानं गोळा उचलला. डावा काही उचलेना, म्हणून तिनं एकाच हातानं थापायला सुरुवात केली.